तुम्ही रात्र कुठे काढलीत?

आमच्या मंडळाच्या सभेत मी केलेल्या भाषणाचा सारांश या पत्रिकेच्या गेल्या अंकात प्रसिद्ध झाला आहे. त्यातील एक विधान मी या लेखाने मागे घेत आहे. ते विधान असे : ‘मोठ्या जहाजाने जातात ते पर्यटक, लहान जहाजाने जातात ते प्रवासी.’ सभेत या वाक्याला टाळ्या पडल्या. संपादकांनी ते चौकटीत छापले. पुढे दोन परिचित कुटुंबांनी तशाच सफरीची चौकशी माझ्याकडे केली. आता हा मामला माझ्या मनाशी मिटवून चालणार नाही. जे चारचौघांत बोललो, ते चारचौघांतच खोडले पाहिजे.

प्रथम सफरीची हकिकत थोडक्यात सांगतो. आमच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली, म्हणून मुलांनी आम्हा उभयतांना भूमध्य समुद्राची जलसफर भेट दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही अथेन्सनजीकच्या पिरेयस बंदरात एका लहान, अतिशय सुखसोयींच्या जहाजावर चढलो आणि दहाव्या दिवशी सकाळी व्हेनिसला उतरलो. वाटेत हायड्रा, नाफ्प्लियो, डेल्फीसाठी इतेआ, मग कोर्फू, कोटोर, दुब्रोव्हनिक आणि कोर्चुला अशी सात बंदरे झाली. जहाजावर सुमारे दोनशे प्रवासी आणि दीडशेच्या आसपास कर्मचारी होते. बडोद्याच्या दांडिया बाजारात आयुष्य काढलेल्या माणसाला असे ऐश्वर्य स्वप्नातही दिसले नव्हते. चौथ्या दिवशी खानसाम्याने विचारून घेऊन आमच्यासाठी साधे वरण-भात केले, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. या लेखात जहाजावरील कोणाही व्यक्तीविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती माझ्या वाक्याविषयी.

भाषण संपल्यावर प्रश्नोत्तरे झाली. कोणी भाडे विचारले, कोणी थंडीचे कपडे विचारले. शेवटी पहिल्या रांगेतल्या, ऐंशी ओलांडलेल्या एका बाई उठल्या. त्यांना आम्ही सगळे मावशी म्हणतो. त्या म्हणाल्या, “छान सांगितलंत. पण मला एक कळलं नाही. त्या सात गावांपैकी रात्र कुठे काढलीत?”

“जहाजावर,” मी म्हणालो.

“सगळ्या?”

“सगळ्या.”

“बरं,” म्हणून त्या बसल्या. सभा हसली, मीही हसलो, आणि आभारप्रदर्शन झाले. त्या रात्री घरी येऊन मी सफरीचे वेळापत्रक काढले व हिशेब मांडला. नऊ रात्रींचे तास होतात २१६. त्यांपैकी सातही गावांत मिळून आमचे पाय जमिनीवर होते ते ३७ तास. त्यांतही डेल्फीपर्यंतचा बसचा वेळ, वाटाड्याच्या उंचावलेल्या पाटीमागे रांगेने चाललेला वेळ आणि ‘साडेचारपर्यंत सर्वांनी परतावे’ या धास्तीत घड्याळाकडे पाहण्यात गेलेला वेळ आहेच. एकाही गावात आम्ही संध्याकाळ पाहिली नाही. दिवे लागलेले पाहिले, ते डेकवरून, दूर जाताना.

लहान जहाजाच्या बाजूने जे बोलले जाते, ते सारेच खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पाच-सहा हजार माणसे वाहणारी महाकाय जहाजे ज्या धक्क्याला लागूच शकत नाहीत, तेथे लहान जहाज लागते. कोर्चुलाच्या तटबंदीला ते इतके बिलगून उभे राहिले की खोलीच्या खिडकीतून तटाचे दगड मोजता यावेत. १८९३ साली खुल्या झालेल्या कोरिंथच्या कालव्यातून आम्ही गेलो. हा कालवा सुमारे सहा किलोमीटर लांबीचा, पाण्याच्या पातळीवर जेमतेम चोवीस-पंचवीस मीटर रुंदीचा, आणि दोन्ही बाजूंना सत्तर-ऐंशी मीटर उंचीपर्यंत ताशीव कडे. मोठ्या जहाजाला हा मार्ग बंद आहे. त्याला सबंध पेलोपोनीजला वळसा घालावा लागतो. ते दृश्य मी विसरणार नाही. तथापि कालवा हे काही गाव नव्हे. जहाज जेथे शिरू शकते तेथे माणूस शिरलाच, असे मी गृहीत धरले, आणि माझी चूक तेथेच झाली.

कोटोरची एक गोष्ट मी भाषणात सांगितली नव्हती. ती आता सांगतो. त्या गावाच्या तटाबाहेर, समुद्राच्या अंगाला, भाजीचा बाजार भरतो. अंजिरांचे दिवस होते. एका म्हाताऱ्या बाईने एक अंजीर फोडून अर्धे माझ्यापुढे धरले. मी खाल्ले. उत्तम होते. तिने कागदाची पिशवी उघडली. मी मान हलवून नको म्हणालो, कारण किनाऱ्यावरची ताजी फळे जहाजावर आणू नयेत अशी आम्हांला सूचना होती, आणि तेथे उभे राहून पाव किलो अंजीर खाण्याइतका वेळ नव्हता. पुढे पाटी वर झाली होती. बाईने पिशवी मिटली आणि माझ्यामागच्या गिऱ्हाइकाकडे वळली. ती रागावली नाही. तिला सवय असावी. ज्याला अंजीर विकता येत नाही, असा माणूस तिच्यापुढून रोज शेकड्यांनी जात असणार.

आता सांगा, यात लहान जहाजाने मला मोठ्या जहाजातल्या माणसापेक्षा निराळे काय केले? आमचे जेवण, चहा, फळे, मद्य, सारे आधीच भाड्यात भरलेले होते. म्हणून गावात कॉफी घेणेही मनाला उधळपट्टी वाटे. सात गावांत मिळून आम्ही दोघांनी स्वतःच्या हाताने जे खर्च केले, त्यात या बडोद्यात दोन माणसांचे एक वेळचे बरे जेवण झाले असते. बंदराचे शुल्क आणि वाटाड्याचे वेतन जहाजाने दिले असेल. पण गावातल्या दुकानदाराला, खानावळवाल्याला, खोली भाड्याने देणाऱ्या कुटुंबाला आमच्यापासून मिळाली ती फक्त गर्दी.

‘दोनशे माणसांची कसली गर्दी?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि पाच हजारांपुढे दोनशे थोडे हे मला मान्य आहे. भूमध्य समुद्रावरची गावे गेली काही वर्षे जहाजांना आवर घालू पाहत आहेत. दुब्रोव्हनिकने २०१९ साली जहाज-व्यवसायाशी समझोता करून एका वेळी दोन जहाजे आणि चार हजार प्रवासी अशी मर्यादा घातली. व्हेनिसच्या मध्यातून जाणाऱ्या जुदेक्का कालव्यात १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरच्या जहाजांना मज्जाव झाला. ग्रीसने जुलै २०२५ पासून सांतोरिनी आणि मिकोनोस येथे उतरणाऱ्या जलसफरीच्या प्रवाशावर ऐन हंगामात वीस युरो कर बसवला. या मर्यादांचा एक परिणाम असा, की जे जहाज मर्यादेखाली बसते ते स्वतःला सज्जन म्हणवू लागते. आमच्या जहाजावर हेच चालले होते. नियमाच्या जाळ्यातून लहान मासा निसटावा, तसे आम्ही निसटलो होतो, आणि निसटण्यालाच आम्ही संस्कृती समजत होतो.

शिवाय लहान जहाज जाते कोठे? जेथे मोठे जाऊ शकत नाही तेथे. हायड्रावर मोटारींना बंदी आहे. सामानसुमान खेचरांच्या पाठीवरून जाते. तेथील एका अरुंद चढावर आम्ही दोनशे जण तीन पाट्यांमागे उभे राहिलो, तेव्हा सामान लादलेले एक खेचर आणि त्याचा मालक आमची रांग संपण्याची वाट पाहत खोळंबले होते. मोठ्या शहराच्या धक्क्यावर दोनशे माणसे विरून जातात. अशा बेटावर तीच दोनशे माणसे वाट अडवतात. नाजूक जागी पोहोचण्याची क्षमता हा जहाजाचा गुण असेल; पोहोचणाऱ्याचा तो गुण नव्हे.

इंधनाचेही तसेच. सुखसोयींच्या लहान जहाजात प्रत्येक प्रवाशाच्या वाट्याला अधिक जागा, अधिक पोलाद, अधिक नोकरचाकर येतात. जहाज लहान म्हणून दरडोई धूर कमी, हा हिशेब म्हणूनच जुळत नाही. १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्रात जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ०.५० टक्क्यांवरून ०.१० टक्क्यावर आणण्यात आली, हे उत्तम झाले. पण ते कायद्याने झाले आणि लहानमोठ्या सर्वांना सारखे लागू झाले. त्यात आमच्या अभिरुचीचे श्रेय काही नाही.

आणखी एक माणूस माझ्या भाषणातून गळाला होता. भोजनगृहात आमच्या मेजाची व्यवस्था पाहणारा तरुण मडगावजवळच्या गावचा निघाला. जहाजावर नोकरी करणाऱ्याला गोव्यात ‘तारवटी’ म्हणतात. त्याचे वडीलही तारवटी होते. आम्ही मराठी बोलतो हे कळल्यावर तो ‘सर’वरून ‘काका’वर आला. मी त्याला कोटोरविषयी विचारले, कारण तो चौथ्या हंगामाला त्या बंदरात येत होता. तो म्हणाला, “काका, गाव चांगलं आहे म्हणतात. मी धक्क्यापर्यंत जातो, घरी फोन करतो आणि परत येतो. दुपारचं जेवण लावायचं असतं.” २००६ सालच्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान सत्त्याहत्तर तास विश्रांतीची तरतूद आहे. आमच्या जहाजाने ती मोडली असे मी म्हणत नाही. दिवसाचे उरलेले तास किती होतात, एवढे वाचकांनी मोजावे. एकाच जहाजावर एकाच दिवशी आम्ही दोघे कोटोरला होतो. मी ते गाव पाच तास पाहिले, त्याने मुळीच नाही. त्याच्या न पाहण्यावर माझे पाहणे उभे होते, आणि तरी भाषणात ‘प्रवासी’ ही पदवी मी मलाच घेतली.

येथे माझ्याच बिरादरीतल्या वाचकांना एक गोष्ट आठवून देतो. आपण कोण आहोत? कोणाचे पूर्वज गायकवाडांबरोबर बडोद्याला आले, कोणाचे शिंद्यांबरोबर ग्वाल्हेरला, कोणाचे होळकरांबरोबर इंदूरला. आले, आणि राहिले. राहणे म्हणजे काय हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. आमच्या घरात गुजराती आली ती राजदरबारातून नव्हे, भाजीच्या टोपलीपाशी. माझी आजी आयुष्यभर घरात मराठी बोलली. पण वांग्यांचा भाव तिने गुजरातीतच केला, आणि रात्री-अपरात्री कोणाला ताप चढला तर शेजारच्या काकींना हाक गुजरातीतच मारली. गाव आपले होते ते असल्या रात्रींनी. कोटोरच्या बाजारात माझ्यापुढे टोपली होती, बाई होती, अंजीर होते. नव्हती ती फक्त फुरसत. आणि तेवढ्याने सगळेच फुकट गेले.

उलट बाजूही आपण रोज पाहतो. २०१८ साली केवडियाला सरदारांचा पुतळा उभा राहिल्यापासून वाटेत बडोदे ‘करून’ जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे. सकाळी लक्ष्मीविलास राजवाडा, मग सयाजीबाग, जमल्यास संग्रहालय, दुपारी पुढे. माझ्याकडे आलेल्या एका पाहुण्याने निघताना सांगितले, “बडोदं पाहून झालं.” त्याने कीर्तिमंदिरातील नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे पाहिली नव्हती; नवरात्रातली एक रात्र पाहिली नव्हती; दांडिया बाजारात तीन भाषांत चालणारे भांडण ऐकले नव्हते. मला राग आला. तो राग मी दोन दिवस बाळगला. कोटोरहून परतलेल्या मला तो राग करण्याचा काय अधिकार होता?

ऐश्वर्याविरुद्ध हा लेख आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. सयाजीराव महाराजांनी परदेशचे प्रवास काही धर्मशाळांत उतरून केले नाहीत. पण १९०६ साली ते अमेरिकेत गेले, तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली, आणि १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणून संस्थानभर ग्रंथालये उभारण्याचे काम सोपवले. ज्या मंडळाच्या पत्रिकेत मी हे लिहितो आहे, त्याच्या सभासदांपैकी निम्मे त्या ग्रंथालयांवर वाढले. प्रवास सुखाचा होता की कष्टाचा, हा प्रश्न दुय्यम आहे. पाहणारा तेथे थांबला का, त्याने कोणाला काही विचारले का, आणि परत येताना काय आणले, हा प्रश्न मुख्य. मी आणली ती छायाचित्रे आणि एक खोटे वाक्य.

सर्वांत बळकट आक्षेप आमच्या घरातूनच आला. लेखाचा कच्चा खर्डा वाचून सौभाग्यवती म्हणाल्या, “माझ्या गुडघ्यांना विचारून लिहा. रोज बॅगा बांधून, जिने चढून मला कोणी ग्रीस दाखवलं असतं का? मला तर आवडलं.” याला माझ्याजवळ उत्तर नाही, आणि उत्तर शोधूही नये. वृद्धांना, आजाऱ्यांना, एकट्यांना अशी सफर हे वरदान आहे. ज्याला समुद्रावर नऊ दिवस विश्रांती हवी, त्याने ती जरूर घ्यावी आणि तिला विश्रांतीच म्हणावे. विश्रांती हा शब्द काही हलका नाही. तिला प्रवासाची वस्त्रे नेसवून, दुसऱ्या जहाजातल्या माणसाकडे खाली पाहण्याचा परवाना काढणे, एवढेच मला गैर वाटते. पाच हजारांच्या जहाजातून उतरणारा निदान आपण गर्दी आहोत हे जाणतो. आम्ही दोनशे जणांनी ती जाणीवही पैसे मोजून दूर ठेवली होती.

ज्यांचे गुडघे बरे आहेत, त्यांच्यासाठी थोडी व्यावहारिक माहिती. पिरेयसहून हायड्राला साधी प्रवासी फेरी जाते; वेगवान बोटीने दोन तासांच्या आत-बाहेर पोहोचता येते. अथेन्सहून नाफ्प्लियोला आणि डेल्फीला रोजच्या बसगाड्या आहेत. पहिलीला अडीच तासांच्या आसपास लागतात, दुसरीला तीन. सात बंदरांऐवजी एक निवडा आणि सात रात्री तेथेच राहा. गावातल्याच कोणाची खोली घ्या. तिसऱ्या दिवशी पाववाला ओळखू लागतो. पाचव्या दिवशी तुम्ही त्याच्या भाषेत ‘उद्या’ म्हणू शकता. माझ्या साऱ्या सफरीत ‘उद्या’ हा शब्द वापरण्याचा प्रसंगच आला नाही, कारण उद्या आम्ही तेथे नसायचोच.

व्हेनिसने हा भेद नियमातच मांडला आहे. १९५१ साली त्या जुन्या नगरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ साली ही संख्या पन्नास हजारांच्या खाली गेली. पाहणारे वाढले, राहणारे घटले. एप्रिल २०२४ पासून काही ठरावीक दिवशी, केवळ दिवसापुरत्या येणाऱ्याकडून पाच युरो प्रवेशशुल्क घेण्यास त्या नगराने आरंभ केला. जो तेथे रात्र काढतो, त्याला ते द्यावे लागत नाही. आमची सफर शुल्काच्या दिवसांत नव्हती. आम्ही सकाळी उतरलो आणि नऊ वाजता विमानतळाच्या बोटीत बसलो. शुल्क द्यावे लागले नाही. पण व्हेनिस माणसाला जे विचारते, तेच मावशींनी मला भर सभेत विचारले होते.

मावशींना मी ‘सगळ्या’ म्हणालो. ते उत्तर नऊ रात्रींपुरते खरे होते; पण त्यांच्या आधीची एक रात्र मी विसरलो होतो. जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीच आम्ही पिरेयसला पोहोचलो होतो, आणि बंदरामागच्या एका गल्लीत स्वस्तातली खोली घेतली होती. ती सफरीच्या कार्यक्रमात नव्हती, म्हणून भाषणातही आली नाही. हिच्या रक्तदाबाच्या गोळ्या बॅगेच्या तळाशी गेल्या होत्या, सापडेनात. रात्री साडेनऊला मी औषधाचे दुकान शोधीत निघालो. ते बंद होते. समोरच्या कॉफीच्या दुकानात चार म्हातारे पत्ते खेळत होते. त्यांतला एक हातातली पाने पालथी घालून उठला, दोन गल्ल्या माझ्याबरोबर चालला आणि रात्रपाळीच्या दुकानापाशी मला पोहोचवून आला. आम्हांला एकमेकांची भाषा येत नव्हती. पहाटे फेरीबोटींच्या भोंग्यांनी जाग आली, आणि खालच्या भट्टीतून पावाचा वास वर येत होता.

त्या सबंध सफरीत मी जे काही गाव पाहिले, ते एवढेच. मावशी, प्रश्नाचे दुरुस्त उत्तर हे आहे : एक रात्र, पिरेयसला. सभासदांनी गेल्या अंकातल्या त्या चौकटीवर रेघ मारावी. आणि मंडळाच्या चिटणिसांना माझी विनंती आहे की यापुढे प्रवासावर बोलायला उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला, भाषणानंतर नव्हे, भाषणाआधीच मावशींचा प्रश्न विचारला जावा. प्रारंभ माझ्यापासून करावा.